पैसे वेळेवर द्या
हातात रोख पैसे मिळाले की गरीब माणूस काम सोडतो, हे लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. ब्राझीलने २००३ मध्ये गरीब कुटुंबांना रोख मदत देणारी ‘बोल्सा फॅमिलिया’ योजना सुरू केली, तीही मुलांची शाळा आणि लसीकरण यांना जोडून. तिथे लोक घरी बसले नाहीत. गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यातही तेच दिसतं. शेजारच्या विधवा काकी गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून दरमहा मिळणाऱ्या पैशांतून आधी रक्तदाबाच्या गोळ्या घेतात, मग दुकानातली उधारी फेडतात. आणि काजूच्या हंगामात पहाटेच बागेत हजर! खरा त्रास होतो हप्ता लांबला की. गोळ्या बंद होतात, उधारी वाढते. गृहिणींना दरमहा मदत देणाऱ्या राज्याच्या ‘गृह आधार’ योजनेतल्या बायकांचीही हीच तक्रार. रक्कम वाढवायच्या घोषणा नंतर करा, आधी महिन्याची ठरावीक तारीख पाळा.