तो फोटो जरा मोठा करून बघा

सकाळपासून तिसऱ्यांदा तोच फोटो आलाय. नांदूरमध्यमेश्वर, म्हणजे नाशिक जिल्ह्यातलं बंधाऱ्यावरचं पक्षी अभयारण्य, ऑगस्ट महिना, काठोकाठ पाणी, आणि वर ओळ: ‘एकही पक्षी नाही, पेट्रोल फुकट गेलं. रामसर म्हणे!’ (रामसर म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी.)

अहो, थंडीत येणारी चक्रवाक बदकं ऑगस्टात आणायची कुठून? ती अजून लडाख-तिबेटात आहेत. आणि पक्षी नुसतं पाणी बघून उतरत नाहीत, खोली बघून उतरतात. चिखलात टिपणाऱ्या चिमुकल्या तुतारी पक्ष्याला दोन बोटं पाणी पुरतं, लांब पायांच्या शेकाट्याला फार तर वीतभर. तलवार बदक शेपूट वर करून मान खाली घालतं, ती जेमतेम फूटभर पोचते. शंभर वर्षांपूर्वीचा हा बंधारा गाळाने भरत गेला म्हणून अशा उथळ जागा झाल्या. पाटबंधाऱ्याचा तोटा, पक्ष्यांचं ताट. हिवाळ्यातसुद्धा आवर्तनासाठी, म्हणजे शेतीला कालव्यातून पाणी सोडायला, पाणी चढवलं की चिखल बुडतो आणि तुताऱ्या रातोरात गायब. लगेच ‘पक्षी संपले’ म्हणून बोंब!

जलपर्णी वाढलीय, सांडपाणी येतं, मान्य. पण या फोटोतलं पाणी पावसाचं आहे.

ऑगस्टात पेट्रोल जाळायचंच होतं तर गाडी त्र्यंबक-इगतपुरीकडे वळवायची. नवरंग पक्षी तिकडच्या रानात पावसाळ्यात घरटं करतो, थंडीत दक्षिणेला जातो. इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, येवल्यात पाचशेच्या आसपास, जिल्हा एकच. मग दोन्हीकडे तेच पक्षी कसे दिसतील?

येवल्यावरून आठवलं. माळ ‘उजाड’ दिसतो म्हणून झाडांसाठी खड्डे खणणाऱ्यांनो, माळावरचा धाविक पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो, चंडोल गवताच्या बुंध्याशी. तिथे झाड लावलंत की कावळ्याला टेहळणीचा मनोरा बांधून दिलात. पाच वर्षांनी सावलीत सेल्फी काढाल, धाविक नसेल. वर पुरस्कारही घ्याल!

असो. आवाज चढला.

तर तो फोटो. खाली डाव्या कोपऱ्यात, पानांच्या गर्दीत काळपट अंग, पांढरं डोकं, मानेवर पिवळा पट्टा आणि मागे विळ्यासारखी वळलेली शेपूट. कमळपक्षी! हलत नाहीये, म्हणजे बहुतेक अंड्यांवर बसलाय, आणि बसलाय म्हणजे नर. मादी चार अंडी घालून पुढच्या नराकडे जाते, बाकी सगळं बाप बघतो. डिसेंबरात, गर्दीच्या दिवसांत, हाच पक्षी शेपूट गाळून ओळखू येणार नाही असा फिका होतो.

फोटो काढणारा वैतागून तिथूनच परत फिरला, ते एक बरं झालं. घरटं तरंगत्या पानांवर असतं, होडीच्या एका लाटेनं अंडी पाण्यात जातात.