नाशिकरोडला नोटा छापतात म्हणून तूट भरून निघत नाही

मेसेज तुम्हालाही आला असेल. जेलरोडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो सकाळी साडेसहाला पडला, आठच्या आत मेव्हण्याने पाठवला आणि दुपारी जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर पुन्हा भेटला. मथळा ‘डोळे उघडा’. मजकूर थोडक्यात असा: महाराष्ट्रावर ९ लाख ३२ हजार कोटींचं कर्ज आहे, म्हणजे जन्माला येणाऱ्या प्रत्येक बाळाच्या डोक्यावर ८३ हजार. घर असो की सरकार, कमाईपेक्षा खर्च जास्त झाला की दिवाळं ठरलेलं. उपाय सोपे आहेत. कर्ज काढणं कायद्याने बंद करा. आमदारांचे पगार-पेन्शन थांबवा, निम्मी तूट तिथेच संपेल. सगळी भानगड फुकटच्या योजनांमुळे आहे, त्या गुंडाळा. पाच वर्षं एकही नवं काम काढू नका, कुंभमेळ्याचंही नाही. आणि तरीही कमी पडलं तर नाशिकरोडला आपलाच छापखाना आहे, नोटा छापा आणि कर्ज फेडून टाका. खाली हात जोडल्याचे चार इमोजी.

माझी सगळी नोकरी कोषागारात गेली. बिल आलं की तपासायचं, चूक असेल तर शेरा मारून परत पाठवायचं, बरोबर असेल तर पास करायचं. मी अर्थतज्ज्ञ नाही, पण सरकारी पैसा कुठे अडतो ते काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलंय. मेसेजमधला कर्जाचा आकडा २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातला आहे आणि तो बरोबर आहे. म्हणून बाकीचे आकडेही मी त्याच वर्षाचे घेतो.

आधी ते बाळ. ८३ हजार काढताना २०११ च्या जनगणनेतली सव्वाअकरा कोटी लोकसंख्या धरलेली दिसते, असो. कर्जाला माणसांनी भागलं की घाबरायला होतं, ऐपत मात्र कळत नाही. शेजाऱ्यावर वीस लाखांचं कर्ज आहे असं कुणी सांगितलं तर आपण विचारतो, पगार किती आणि हप्ता किती? राज्यातल्या सगळ्यांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ४९ लाख ३९ हजार कोटींच्या आसपास धरलं होतं. कर्ज त्याच्या १९ टक्क्यांच्या आत. व्याजापोटी सरकारच्या महसुली जमेतले शंभरामागे अकरा-बारा रुपये जातात. काळजी करण्यासारखं आहे, छाती पिटण्यासारखं नाही.

‘घर असो की सरकार’ म्हणता, तर घर आपल्या जिल्ह्यातलंच घेऊ. दिंडोरीजवळ माझ्या मावसभावाची चार एकर द्राक्षबाग आहे. एप्रिलच्या खरड छाटणीपासून पुढच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत बागेत नुसता पैसा जातो: मजुरी, औषधं, डिझेल, थिनिंग, डिपिंग. त्या दहा महिन्यांत त्याच्या वहीत जमेची बाजू कोरी असते. मेसेजच्या हिशेबाने तो दर दिवाळीला दिवाळखोर असतो! गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज काढतो, माल उतरला की फेडतो. ठिबक आणि अँगलचा मंडपही त्याने कर्जातूनच उभा केला. मंडपाला पंधरा वर्षं झाली, अजून बाग तोलतोय. याच माणसाने एका वर्षी कर्ज काढून थोरल्या मुलीचं लग्न गाजवलं. ते फेडताना दोन हंगाम गेले आणि नाकी नऊ आले. मावशी अजून ऐकवते, ऋण काढून सण. कर्ज दोन्ही वेळा काढलं होतं. पहिलं बागेने फेडलं, दुसरं पोटाला चिमटा घेऊन फेडावं लागलं.

सरकारच्या वहीतही ह्या दोन गोष्टी वेगळ्या लिहितात. पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं, योजना हा रोजचा खर्च जमेपेक्षा जास्त झाला की ती महसुली तूट. रस्ते, धरणं, इमारती धरून एकूण जेवढं कर्ज काढावं लागतं ती राजकोषीय तूट. मार्च २०२५ मध्ये त्या वेळचे अर्थमंत्री अजित पवार यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी आणि महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी होता. म्हणजे महसुली तूट ४५,८९१ कोटी. राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार २३४ कोटी. भागाकार करून बघा. उसने घेतलेल्या दर तीन रुपयांतला एक रुपया रोजच्या खर्चात चाललाय. बाकीच्या दोन रुपयांबद्दल माझी फारशी तक्रार नाही, ते मंडपाचं कर्ज. तो एक रुपया लग्नाचा आहे, आणि तो दरवर्षी थोडा थोडा कमी करत शून्यावर आणणं हेच सरकारचं खरं काम.

कर्ज ‘कायद्याने बंद’ केलं तर काय होईल, ते मी सांगू शकतो. पगार, पेन्शन आणि व्याज मिळून महसुली जमेतला निम्म्याहून जास्त पैसा खातात आणि त्याला हात लावता येत नाही. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी झालेला संप आठवा. मग कात्री कुठे लागणार? मंडपालाच. शिवाय कायदा आहेच. राज्याचा वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा २००५ चा, त्यात राजकोषीय तुटीची मर्यादा राज्याच्या उत्पन्नाच्या तीन टक्के, आणि केंद्राचं देणं डोक्यावर असेपर्यंत केंद्राच्या संमतीशिवाय राज्याला नवं कर्ज काढता येत नाही. २०२५-२६ च्या तुटीचा अंदाज पावणेतीन टक्क्यांचा होता.

आमदारांचं दोन ओळींत उरकतो. विधानसभेचे २८८, परिषदेचे ७८, एकूण ३६६. प्रत्येकावर महिन्याला तीन लाख धरा, वर्षाचे १३२ कोटी होतात. महसुली तुटीतल्या हजार रुपयांमागे तीन रुपये. माजी आमदारांसाठी आणखी तेवढेच घाला. दर्यात खसखस. पेन्शन बंद व्हावं का, असं विचाराल तर माझं मत मेसेजवाल्यासारखंच आहे, पण ते जनाची नाही तर मनाची म्हणून; त्याने तूट भरत नाही.

योजनांबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे, आणि अर्ध्या बरोबर गोष्टीला उत्तर द्यायला जास्त वेळ लागतो. लाडकी बहीण योजनेला त्या वर्षी ३६,००० कोटी ठेवले होते. ती उद्या पूर्ण बंद केली तरी जवळपास ९,९०० कोटींची महसुली तूट उरते. तेव्हा ‘सगळी भानगड’ तिथे नाही. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंचे पंधराशे रुपये गॅस सिलिंडर आणि मुलाच्या क्लासची फी यांत जातात, जेलरोडवरच खर्च होतात. त्यांना ‘फुकटे’ म्हणणाऱ्यांनी आपल्या सोसायटीतल्या किती जणांनी घर घेताना व्यवहार कमी किमतीचा दाखवून मुद्रांक शुल्क वाचवलं, ते आधी मोजावं.

पण माझा राग दुसरीकडे आहे. योजना २०२४ च्या जुलैत सुरू झाली, निवडणूक नोव्हेंबरात. अट होती कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. खरी छाननी निवडणूक उरकल्यावर सुरू झाली, आणि सरकारी नोकरीतल्या बायकांनीही पैसे घेतल्याचं सरकारनेच कबूल केलं. आमच्या टेबलावर आधी तपासणी आणि मग पास असा क्रम होता. तो उलटा केलेलं एक साधं प्रवासभत्त्याचं बिलही मी परत पाठवलं असतं. तीच गोष्ट साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांच्या मोफत विजेची. ज्याच्याकडे विहीर आणि पंप आहे त्याला लाभ. सुरगाण्यात पावसावर नागली पिकवणाऱ्याला त्यातलं काय? योजना बंद करा असं मी म्हणत नाही. गरज असलेल्याला पुरवा, बाकीच्यांना वगळा, आणि नवी जाहीर करताना पैसा कुठल्या खिशातून येणार ते त्याच भाषणात सांगा.

अख्ख्या मेसेजमध्ये जमेच्या बाजूबद्दल एक शब्द नाही. २०१७ ला जीएसटी आल्यापासून राज्याच्या हातात मुद्रांक शुल्क, दारू, पेट्रोल-डिझेल, वाहन कर, वीज शुल्क असं मोजकंच उरलं. पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. ती मर्यादा घटनेच्या २७६ व्या कलमात आहे आणि १९८८ पासून हललेली नाही. त्या साली रुजू झालेले कारकून रिटायर होऊन नातवंडं खेळवतायत. आणि लोक पैसे देतच नाहीत, असंही नाही. दिंडोरी तालुक्यात वाघाडच्या कालव्यांवर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था स्वतः पाणीपट्टी गोळा करतात आणि स्वतः पाणी वाटतात. पाळीला पाणी मिळणार याची खात्री असली की शेतकरी पट्टी भरतो.

आता छापखाना. नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हटलं की कुणाला वर्तमानपत्र आठवत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका तिथूनच रिटायर झाले. त्यांना मेसेज दाखवला तर हसले, म्हणाले, “अहो, आम्ही कागद छापायचो. त्याचा पैसा रिझर्व्ह बँक करते.” सगळं उत्तर यात आलं, तरी थोडं सोडवून सांगतो. १९२८ पासूनचा हा नोटांचा कारखाना रिझर्व्ह बँकेच्या मागणीएवढ्याच नोटा छापतो. एक रुपयाची नोट तेवढी भारत सरकारची, तिच्यावर वित्त सचिवांची सही असते. बाकी प्रत्येक नोट हे रिझर्व्ह बँकेचं देणं, म्हणून तिच्यावर गव्हर्नरचं वचन. राज्य सरकारला नोटा छापण्याचा अधिकारच नाही. छापखाना नाशिकरोडला असला काय आणि टिंबक्टूला असला काय.

केंद्राने तरी छापून घ्याव्यात? एके काळी जवळपास तेच चालायचं. तूट पडली की रिझर्व्ह बँक सरकारच्या तात्पुरत्या हुंड्या आपोआप घ्यायची. ती सोय १ एप्रिल १९९७ पासून बंद केली. २००३ च्या कायद्यानुसार एप्रिल २००६ पासून सरकारचे नवे रोखे थेट सरकारकडून विकत घ्यायलाही बँकेला मनाई झाली. कारण साधं आहे. बाजारात कांदा तेवढाच आणि नोटा दुप्पट झाल्या तर कांदा महागतो. झिम्बाब्वेने २००९ मध्ये शंभर ट्रिलियनची नोट काढली, एकावर चौदा शून्यं. छापलेल्या पैशाचं बिल सगळ्यात आधी पोळ्यावाल्या ताईंच्या पंधराशेवर फाडलं जातं.

आणि ‘कर्ज’ म्हणजे कुणा सावकाराचं, असं मेसेजवाल्याला वाटतं की काय? राज्याच्या कर्जरोख्यांचा लिलाव रिझर्व्ह बँक करते आणि ते रोखे बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी घेतात. काकांचा पीएफही कदाचित त्यातच असेल.

राहिलं ‘पाच वर्षं काम काढू नका’. हे अल्प प्रमाणात करून झालंय. ४ मे २०२० ला राज्याने आदेश काढला: विकासकामांचा खर्च ३३ टक्क्यांपर्यंत, नवी कामं आणि भरती थांबवा. टाळेबंदीत जमाच आटली होती, तेव्हा नाइलाज होता. नाइलाजाला धोरण करू नये. नोव्हेंबरात पैसे संपले म्हणून मावसभावाने फवारणी थांबवली तर डाऊनीची बुरशी बाग खाऊन टाकते, मग फेब्रुवारीत फेडणार कशातून? २०१० नंतर ग्रीसवर एकदम मोठी कपात लादली गेली. तिथली अर्थव्यवस्था जवळपास पाव भागाने आकसली आणि उत्पन्नाच्या मानाने कर्ज उलट वाढलं. कुंभमेळ्याचं तर विचारूच नका. ३१ ऑक्टोबर २०२६ हा ध्वजारोहणाचा मुहूर्त, गर्दी सरकारची तिजोरी पाहून येत नाही. घाट, मलजल, रस्ते यांतलं मेळ्यानंतर शहराला काय उरेल ते विचारा. आणि राज्यभरची अर्धवट कामं आधी पुरी करा, मग नारळ फोडा, एवढं मी मान्य करतो.

मेसेजमध्ये नसलेली एक तूट मात्र मी रोज पाहायचो. ३१ मार्चला रात्री बारापर्यंत आम्ही बिलं घ्यायचो, जिन्यापर्यंत रांग. एका खात्याचा एक ठेकेदार त्या रांगेत लागोपाठ तीन वर्षं मार्चअखेरीला उभा होता. काम झालेलं, मोजमाप पुस्तिकेत नोंद, अभियंत्याची सही, सगळं जागच्या जागी. पण खात्याला निधीच सोडलेला नव्हता, म्हणून बिल आमच्यापर्यंत येतच नव्हतं. न आलेलं बिल खर्चात धरत नाहीत, त्यामुळे त्या वर्षीची तूट कागदावर तेवढ्याने कमी दिसली. अशी थकलेली बिलं किती, हे दर अर्थसंकल्पात तुटीच्या शेजारी छापायला हवं, असं मी तेव्हाही म्हणायचो. चौथ्या वर्षी त्याचे पैसे निघाले. पुढच्या निविदेत त्याने दर चढवून भरला. मी विचारलं तर म्हणाला, “भाऊसाहेब, तीन वर्षं मी सावकाराला व्याज भरलं, ते कुठून काढू?”