अजब बंगला आणि आत्याचा कांदा

सगळा घोळ साडूभाऊंच्या पट्टायापासून सुरू झाला. एप्रिलमध्ये पोरांच्या परीक्षा संपल्या संपल्या ते लोक थायलंडला जाऊन आले आणि येताना सगळ्यांसाठी एकेक बामची डबी आणि मोबाईल भरून फोटो घेऊन आले. त्यातले निम्मे फोटो तिथल्या त्या रिप्लेज बिलिव्ह इट ऑर नॉट म्युझियमचे, ज्याच्या बिल्डिंगमध्ये बाहेरून एक अख्खं विमान घुसलेलं दाखवलंय. साडूभाऊंचा पोरगा विमानाखाली उभा, मग साडूभाऊ विमानाखाली उभे, मग कोणा तिसऱ्याच्या हातात मोबाईल देऊन सगळं खानदान विमानाखाली उभं. आत म्हणे माणसांची मुंडकी होती, आवळून आवळून संत्र्याएवढी केलेली.

आमचा धाकटा सहा वर्षांचा आहे. त्या दिवसापासून त्यानं संत्रं खाणं सोडलं आणि माझं डोकं खाणं सुरू केलं. बाबा, आपल्याकडे असं काहीच नाही का? आता नागपूरच्या माणसाला कोणी 'तुमच्याकडे नाही का' असं विचारलं की त्याच्या अंगात येतं, मग समोर सहा वर्षांचं पोरगं का असेना. मी म्हटलं, काऊन नाही? आपल्याकडे अजब बंगला आहे! पट्टायाचं ते सगळं काल-परवाचं, आपला १८६३ चा आहे.

इथंच माझं चुकलं. सेंट्रल म्युझियम म्हटलं असतं तर पोट्ट्यांनी तोंड वाकडं करून विषय सोडून दिला असता. पण 'अजब' आणि त्यात 'बंगला', म्हणजे धाकट्याच्या डोक्यात तिथं भूत, भुयार आणि बोलणारा सांगाडा एवढं सगळं तयार झालं, आणि मी ते मोडून काढायच्या ऐवजी गालात हसत 'पाहशील तू' असं म्हणालो. बायको कणीक मळता मळता म्हणाली, अहो, तुम्ही शेवटचे कधी गेला होता तिथं? मी म्हटलं, चौथीत.

तसं पाहिलं तर नाव काही उगाच पडलेलं नाही. कलकत्त्याच्या म्युझियमला लोक जादूघर म्हणायचे, लाहोरच्या म्युझियमला अजायबघर, आणि आपल्याकडे रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचा मुख्य आयुक्त असताना हे म्युझियम उघडलं तेव्हा नागपूरकरांनी त्याचा अजब बंगला करून टाकला. जंगलातला प्राणी न चावता, न पळता काचेमागं गुपचूप उभा आहे, ही गोष्ट तेव्हाच्या माणसाला अजबच वाटली असणार. आता प्रॉब्लेम असा की आमच्या घरी प्राणी रोज जेवणाच्या ताटासमोर मोबाईलमध्ये धावून राहिलेत.

आदल्या रात्री मी जरा अभ्यास केला, कारण थोरली अकरा वर्षांची आहे आणि माझं प्रत्येक वाक्य गूगल करून बघते. हा रिप्ले मूळचा अमेरिकेतला व्यंगचित्रकार निघाला. १९१८ मध्ये पेपरात विचित्र गोष्टींची चित्रं काढायला लागला आणि १९३३ मध्ये शिकागोच्या जत्रेत त्यानं खऱ्या विचित्र गोष्टींचा हॉल उघडला. त्यांचेच लोक सांगतात की तिथं पाहणाऱ्यांना चक्कर यायची म्हणून पलंग टाकून ठेवले होते. त्याच्याही आधीचा बार्नम नावाचा अमेरिकन म्युझियमवाला तर पोचलेलाच होता. १८४२ मध्ये न्यूयॉर्कला त्यानं जलपरी दाखवली, बाहेर पोस्टरवर देखण्या जलपऱ्या आणि आत माकडाचं धड माशाच्या शेपटीला शिवलेलं. हे सगळं मी आत्याला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, पलंगाचं बरं हाय बाप्पा, दुपारच्याले कामी येते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण, गोंदियाकडची, उन्हाळ्यात महिनाभर आमच्याकडे असते. ती येणार नव्हती. पण पोरांनी 'भूतबंगल्यात चाललोय' असं सांगितल्यावर ती लुगडं बदलून दारात उभीच राहिली.

आणि आम्ही गेलो सोमवारी.

सोमवारी बंद असतं. सोमवारी म्युझियम बंद असतात हे जगातल्या कुठल्याही माणसाला माहीत असतं, असं बायको परतीच्या अख्ख्या रस्त्यात मला वेगवेगळ्या शब्दांत सांगत होती. तो दिवस उसाच्या रसावर निभावला.

मंगळवारी पुन्हा निघालो. नवतपा सुरू, सकाळी दहालाच ऊन असं की ऑटोच्या सीटवर बसलं की माणूस बसल्या जागी उभा. तोंडाला दुपट्टे, डोक्याला टोप्या, पाण्याच्या पाच बाटल्या, आणि आत्याच्या बटव्यात कांदा, कारण कांदा जवळ असला की म्हणे लू लागत नाही. जयप्रकाश नगरवरून मेट्रो घेतली. धाकट्याला मेट्रोचा एसी एवढा आवडला की झिरो माईल आलं तरी उतरेना, म्हणे इथंच राहू, इथं अजब आहे. खरं सांगू का, मलाही पटलं होतं.

झिरो माईलचा खांब आणि ते चार घोडे लांबूनच दाखवले. हा कोणी लावला? मी म्हटलं, इंग्रजांनी, सर्व्हेसाठी. हे उत्तर खरं होतं आणि तेच नडलं, कारण एकदा का एखादं उत्तर चाललं की बाप लोक ते पुन्हा पुन्हा वापरतात.

आत शिरलो तर पहिला अर्धा मिनिट खरंच छान गेला. जाड भिंती, उंच छत, बाहेरच्या भट्टीतून आल्यावर जीव थंड झाला. मग धाकटा काचेमागच्या प्राण्यांसमोर जाऊन उभा राहिला.

"बाबा, हा हलत का नाही?"

"मेलाय तो."

"कोणी मारला?"

आता मला काय माहीत कोणी मारला. मागं एक जोडपं उभं होतं, तेही ऐकत होतं. मी म्हटलं, इंग्रजांनी.

"आणि हा?"

"तोही."

"एवढूसा पक्षी? यानं काय केलं होतं त्यांचं?"

थोरलीनं मोबाईल काढलाच होता. ती म्हणाली, बाबा काहीही सांगू नका, आणि मग स्वतःच मोठ्यांदा वाचायला लागली की अशा प्राण्यांची फक्त कातडी खरी असते, आत तार, कापूस, भुसा असं काय काय भरतात, डोळे काचेचे लावतात आणि जुन्या काळी कीड लागू नये म्हणून आतून आर्सेनिक चोपडायचे. आर्सेनिक हा शब्द बायकोच्या कानावर पडला मात्र, तिनं पर्समधून सॅनिटायझर काढून दोन्ही पोरांचे हात कोपरापर्यंत धुतले. मी म्हटलं, अगं मध्ये काच आहे. ती म्हणाली, काचेलाच तर नाक लावून राहिलाय तो. मग नाकही धुतलं.

पुढच्या हॉलमध्ये दगडी मूर्ती. धाकट्याला मूर्तीत रस नाही, जे नाही त्यात रस. हिचा हात कुठंय, याचं डोकं कुठंय, त्याचं नाक कुठंय. मला बोलायचीही गरज उरली नव्हती, प्रत्येक तुटक्या अवयवासमोर तो स्वतःच मान हलवून 'इंग्रजांनी' म्हणत पुढे जात होता, आणि बाजूनं जाणारे एक रिटायर्ड दिसणारे काका मोठ्या कौतुकानं म्हणाले, वा, इतिहासाची आवड दिसते!

शस्त्रं बघताना दोघंही खूश होते. तिथं बापाची गरज पडत नाही, तलवार ही तलवारच असते.

खरी मजा आली ती तांब्याच्या कुऱ्हाडींपाशी. बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया म्हणून गाव आहे, तिथं १८७० मध्ये जमिनीत तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे सापडले होते, तांबंच सुमारे पावणेचारशे किलो. त्यातल्या काही वस्तू नागपूरच्या वाट्याला आल्या. चांदीच्या पत्र्यांत काही तर चक्क बैलाच्या मुंडक्याच्या आकाराचे, शिंगं खाली वळलेली. आणि हे सगळं सापडलं म्हणे ढोरं चारणाऱ्या पोरांना.

आत्या इतका वेळ हॉल सोडून खुर्च्याच बघत होती. बालाघाट ऐकल्यावर आली.

"कोनाले सापडलं म्हनतं?"

"गुराख्यांच्या पोरांना, आत्या."

ती काचेजवळ गेली. चष्मा वर केला, खाली केला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. ती कुऱ्हाड अशी पाहिली जशी भाजीवाल्याकडची वांगी पाहते, आधी वरून, मग वाकून खालून. आणि मग म्हणाली, "आमचं गाव तिथून काय लई लांब नाही. मी बी लहानपनी दहा वर्सं ढोरं चारली. मले तं एक पावशी बी नाही सापडली रे बाबू."

कोणाला काय बोलावं सुचेना. तिच्या चेहऱ्यावर साठ वर्षांचं नुकसान होतं. मग तिनं चांदी किती तोळे, आजच्या भावानं किती झाली, त्या पोट्ट्यांना त्यातलं काय दिलं, अशी रीतसर चौकशी केली. शेवटच्या प्रश्नाला मी गप्प. तेवढ्यात धाकट्यानं विचारलं, बाकीच्या कुऱ्हाडी कुठंयत? आणि थोरली मोबाईलमधून मान वर करून, जरा नाइलाजानंच म्हणाली, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पण आहेत. म्हणजे झिरो माईलनंतर माझं उत्तर पहिल्यांदाच अभ्यासाला धरून निघालं. धाकट्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी सगळं सगळं जाणतो.

याच गडबडीत आत्यानं हिशोबासाठी बोटं मोजायला बटवा काखेत धरला आणि कांदा निसटला. फरशी गुळगुळीत. तो कांदा आधी सावकाश, मग चांगला वेग घेऊन निघाला, दोन माणसांच्या पायांमधून गेला आणि पलीकडच्या एका शोकेसच्या बुडाशी जाऊन थांबला. साधा नाही, बोरांएवढी दोन कोंबं फुटलेला, साल अर्धी निघालेली, जांभळा कांदा. मी पोचायच्या आधी तिथं दुसरीच एक फॅमिली पोचली. त्यांचा पोरगा खाली बसून विचारतोय, मम्मी हे काय आहे? त्या बाईनं काचेवरची पाटी वाचल्यासारखं केलं आणि म्हणाली, जुन्या काळातलं आहे बेटा, हात नको लावू.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं पुढे होऊन 'माफ करा, तो आमचा कांदा आहे' असं म्हणायचं कसं? मी दुसरीकडे बघत उभा राहिलो, त्या कांद्याशी माझी ओळखच नाही असा. पण आत्याला असली लाज नाही. ती सरळ गेली, वाकली, कांदा उचलला, पदराला पुसला आणि बटव्यात टाकून परत आली. त्या पोरानं जो आवाज केला, 'मम्मी आजीनं घेऊन घेतलं!', तो अख्ख्या हॉलमध्ये घुमला. तिथले गार्डमामा आले. आत्यानं त्यांना बटवा उघडून दाखवला. ते कांद्याकडे पाहून म्हणाले, "मावशी, माह्याही खिशात हाय." आणि खरंच काढून दाखवला.

एक वाजला. धाकटा फरशीवर बसला, थोरलीच्या मोबाईलची बॅटरी संपली म्हणजे तीही संपली, बायको 'झालं का' या अर्थानं श्वास सोडायला लागली. पण धाकटा उठेना. अजब कुठंय? भूत कुठंय? तुम्ही म्हणाले होते पाहशील तू. पट्टायाला विमान होतं. भोकाड पसरायच्या आधी पोरांचा खालचा ओठ जसा बाहेर येतो तसा यायला लागला, आणि मला एकदम बार्नम आठवला. त्याच्या म्युझियममधून लोक लवकर हलेनात म्हणून त्यानं दारावर 'इकडे इग्रेस' अशी पाटी लावली होती. लोकांना वाटलं इग्रेस नावाचा कोणता तरी पक्षी असेल, म्हणून गर्दी करून तिकडे गेले आणि थेट रस्त्यावर पोचले. इग्रेस म्हणजे बाहेर जायचा दरवाजा.

मी धाकट्याच्या कानात म्हटलं, "अबे, निर्गमन तर पाहायचंच राहिलं."

ओठ आत गेला. "ते काय असतं?"

"सगळ्यात अजब. सगळ्यात शेवटी ठेवलंय."

"मोठं आहे?"

"दारातून हत्ती जाईल एवढं."

पोरगं असं पळालं की आम्हाला मागं धावावं लागलं. बायकोच्या लक्षात आलं होतं, ती तोंडाला दुपट्टा लावून हसत होती. आम्ही बाहेर आलो आणि ऊन असं काही अंगावर आलं की सगळ्यांचे डोळे दिपले, दोन मिनिटं कोणालाच काही दिसलं नाही. धाकटा डोळ्यांवर हात धरून ओरडून राहिला, कुठंय, कुठंय? मी म्हटलं, हे काय, आत्ताच तर होतं समोर, डोळे काऊन मिटलेस? रसवंतीवर दोन ग्लास रस पिऊन झाल्यावर त्याला ते थोडं थोडं दिसल्याचं आठवायला लागलं. तिसऱ्या ग्लासानंतर त्याला शेपूटही होती.

त्याच रात्री साडूभाऊंच्या पोराशी त्याचं व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं. मी बाजूच्या खोलीत कुलरमध्ये पाणी टाकून राहिलो होतो, तरी मला ऐकू येत होतं. 'तुमच्या पट्टायाला निर्गमन होतं का? नाही ना? आमच्याकडे आहे. ते पण इंग्रजांनी मारलं.' तिकडून रडण्याचा आवाज आला.

दहा मिनिटांनी साडूभाऊंचा फोन. आवाज जरा पडलेला.

"भाऊजी, ते निर्गमन कोणत्या हॉलमध्ये आहे? पोट्टा जेवून नाही राहिला. सोमवारी सुट्टी टाकतो म्हणतो."

मी म्हटलं, "सोमवारी नका जाऊ, बंद असते. मंगळवारी जा. आणि घाई नका करू, सगळं पाहून घ्या आधी, ते अगदी शेवटी आहे."