‘बॅटरीचं काय घेऊन बसलात, सरळ रिसेट मारा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जुना फोन पळता कसा करावा या माझ्या लेखावर तुम्ही चिडून लिहिलंत, पण मुद्दे धरून लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देते. लेख न वाचलेल्यांसाठी तुमचे आक्षेप असे: अ‍ॅप्स सारखी बंद करू नका हा माझा सल्ला चुकीचा, कारण तुमचा फोन अ‍ॅप्स बंद करण्यावरच तग धरून आहे, बॅटरीचा आणि वेगाचा काडीचाही संबंध नाही, खरा उपाय फॅक्टरी रिसेट (सगळं पुसून फोन नव्यासारखा करणं), आणि तोच मी दोन ओळींत उरकला. वर अ‍ॅनिमेशन कमी केल्याने फोन वेगवान होतो हे मी लिहिलंच कसं, असाही सवाल आहे.

शेवटचा आक्षेप आधी घेते, कारण तिथे चूक माझी आहे. डेव्हलपर ऑप्शन्स या सेटिंग्जमधल्या लपलेल्या मेनूत अ‍ॅनिमेशन (स्क्रीन सरकतानाची हालचाल) १ वरून ०.५ वर आणलं की स्क्रीन सरकायला लागणारा वेळ निम्मा होतो, एवढंच. प्रोसेसर होता तसाच राहतो. ‘वेगवान वाटतो’ असं लिहायचं ते ‘होतो’ लिहून बसले. लेखात दुरुस्ती केली आहे. (माझ्या फोनवर ते सेटिंग मात्र ०.५ वरच राहणार. नुसतं वाटलं तरी बरं वाटतं.)

आता अ‍ॅप्स. रॅम, म्हणजे चालू अ‍ॅप्स ठेवायची तात्पुरती मेमरी, रिकामी दिसली की आपल्याला घर आवरल्यासारखं वाटतं, पण अँड्रॉइडला रिकामी रॅम नकोच असते. वापरून झालेलं अ‍ॅप ते मेमरीत तसंच राहू देतं आणि जागा कमी पडली की जे लागण्याची शक्यता कमी, ते स्वतःच काढून टाकतं. तुम्ही ते हाताने उडवलंत की पुढच्या वेळी सगळं स्टोरेजमधून पुन्हा वाचावं लागतं, आणि जुन्या फोनमध्ये बऱ्याचदा स्टोरेजच संथ असतं. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा: एखादं जड अ‍ॅप उघडा, बाहेर या, पुन्हा उघडा. मग ते स्वाइप करून घालवा आणि परत उघडा. फरक घड्याळाशिवायही कळेल.

तरी तुमचा अनुभव खोटा आहे असं मी म्हणत नाही. रॅम कमी असेल आणि एखादं अ‍ॅप मागे राहून सतत काहीतरी करत बसलं असेल, तर त्याला हाकलल्यावर फोन मोकळा होतोच. पण मग गुन्हेगार तेवढा एकच. सगळ्यांना तासातासाला बाहेर काढायचं कारण काय? फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. तिथे तुम्ही टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत. तिथे फोन सुरळीत चालला तर अलीकडे टाकलेली अ‍ॅप्स एकेक करून काढत जा.

बॅटरीवर मात्र मी एक पाऊलही मागे येणार नाही. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तेव्हा तिचा साठा तर घटतोच, शिवाय तिचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतूनच होणारा अडथळा, वाढतो. प्रोसेसरने एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं आणि ३० टक्के दाखवत असलेला फोन पटकन बंद पडतो. यावर अ‍ॅपलने २०१७ च्या सुरुवातीला आयओएस १०.२.१ मध्ये तोडगा काढला: बॅटरी थकलेली असेल तर प्रोसेसरचा वेगच आवळायचा. लोकांना हे सांगितलं नव्हतं. बॅटरी बदलल्यावर आयफोन पुन्हा पळू लागला हे वापरणाऱ्यांनीच मोजून दाखवलं, तेव्हा डिसेंबरमध्ये कंपनीने कबुली दिली. २०२० मध्ये फ्रान्समध्ये त्यापायी अडीच कोटी युरोंचा दंडही झाला. सगळ्याच कंपन्या असं करतात असा माझा दावा नाही. पण काडीचाही संबंध नाही, हे कसं म्हणता येईल?

आणि जिथे कंपनी वेग आवळत नाही तिथे आपणच आवळतो. माझ्या आईचा फोन वर्षभर रखडत होता. मी तुमचाच उपाय केला. एक अख्खा रविवार घालवून रिसेट मारला. दोन दिवस फोन छान पळाला, तिसऱ्या दिवशी पुन्हा रडगाणं. शेवटी तिच्या शेजारी बसून बघितलं, तर चार्जिंग संध्याकाळपर्यंत पुरत नाही म्हणून ती सकाळी उठल्याउठल्या बॅटरी सेव्हर लावत होती. सेव्हर प्रोसेसरला लगाम घालतो, ते त्याचं कामच आहे. रिसेटने तो बंद झाला होता, तिने परत लावला. नवी बॅटरी बसवली, सेव्हर सुटला, आणि त्यानंतर तक्रार नाही.

रिसेटचा गुण येतो हे मान्यच. पण का येतो? मुख्यतः स्टोरेज रिकामं होतं म्हणून. फोनचं स्टोरेज म्हणजे फ्लॅश मेमरी, आणि तिच्यात जुन्यावर थेट नवं लिहिता येत नाही. आधी मोठा ब्लॉक पुसावा लागतो. फोन काठोकाठ भरला की प्रत्येक लहानसहान नोंदीसाठी आतला माल इकडून तिकडे हलवत बसावं लागतं. २०१२ चा नेक्सस ७ टॅब्लेट काही महिन्यांतच रांगायला लागला होता. २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.३ आलं, त्यात नको असलेले ब्लॉक वेळेवर मोकळे करण्याची सोय होती, आणि त्याच यंत्रात बराच जीव आला. म्हणून म्हणते, आधी फॉरवर्ड होऊन आलेले व्हिडिओ उडवा. पाचवा हिस्सा मोकळा ठेवलात तर रिसेटचा बराचसा फायदा पदरात पडतो, आणि दहा पासवर्ड आठवत बसावं लागत नाही.

तुम्ही सुचवलेली व्हर्च्युअल रॅम म्हणजे याच स्टोरेजचा तुकडा रॅम म्हणून वापरणं. भरलेल्या जुन्या फोनवर ती बंदच बरी. रॅम बूस्टर अ‍ॅप्सवर शब्द खर्च करत नाही.

तर रिसेट तूर्त राहू द्या. मोकळी जागा किती आहे ते बघा, सेव्हर चालू नाही ना ते बघा, अर्धा तास सेफ मोडमध्ये फोन वापरा आणि काय दिसलं ते इथेच लिहा. एवढं करूनही तो रखडला, तर बॅटरीवरून आपण पुन्हा भांडू.