पायरियात पेशी मरतात, पण सगळ्या सारख्या मरत नाहीत

पायरियाबद्दलचा एक मजकूर बराच पुढे ढकलला जातो. त्याचा सारांश असा: जंतू हिरडीच्या पेशी मारतात आणि हाड खातात, पेशींचा मृत्यू रोखणाऱ्या अँटिऑक्सिडंट गोळ्या घेतल्या की हिरड्या भरून येतात, स्केलिंग म्हणजे दातांवरचं किटण काढणं मात्र करू नये, दात हलायला लागतात.

‘जंतू हाड खातात.’ खात नाहीत. हाड विरघळवतात त्या ऑस्टिओक्लास्ट नावाच्या आपल्याच पेशी. सुजलेल्या हिरडीतल्या टी आणि बी या पांढऱ्या पेशी रँकएल हे प्रथिन तयार करतात आणि त्याच्या सांगण्यावरून मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या वंशातल्या पेशींच्या ऑस्टिओक्लास्ट होतात. सुरुवात दातावरच्या जंतूंच्या थरापासून होते, यात वाद नाही. पण थर सारखा दिसला तरी सगळ्यांचं हाड सारख्या वेगाने जात नाही. धूम्रपान आणि ताब्यात नसलेला मधुमेह असेल तर ते लवकर जातं.

‘पेशी मरणं वाईटच.’ मजकूर सगळ्यात जास्त फसतो तो इथे. अपॉप्टोसिस या शांत मृत्यूत पेशी आक्रसते, तिचे बंद पुडीसारखे तुकडे होतात. मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात आणि आयएल-१०, टीजीएफ-बीटा ही निरोप देणारी प्रथिनं सोडून सूज उतरवायला लागतात. पायरोप्टोसिस या दुसऱ्या मृत्यूची तऱ्हा उलटी. जंतूच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड पेशीच्या आत पोचलं की कॅस्पेज-४ हे एन्झाइम गॅसडर्मिन-डी हे प्रथिन कापतं. त्याचे तुकडे पेशीच्या पटलाला भोकं पाडतात, पोटॅशियम बाहेर जातं, पेशी फुगून फुटते आणि सूज वाढवणारं आयएल-१-बीटा मोकळं सुटतं. त्याने आणखी पांढऱ्या पेशी ओढल्या जातात, रँकएलही वाढतं. म्हणजे मृत्यू दोन्हीकडे आहे. एकाने सूज शमते, दुसऱ्याने भडकते.

सरसकट ‘मृत्यू रोखा’ म्हणणाऱ्यांनी ल्युकोसाइट अ‍ॅडहीजन डेफिशियन्सी हा दुर्मिळ आनुवंशिक आजार पाहावा. यात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडूच शकत नाहीत, त्यामुळे हिरडीत येऊन मरणारे न्यूट्रोफिल जवळपास नसतात. मजकुराच्या हिशेबाने हिरडी ठणठणीत हवी. प्रत्यक्षात या मुलांचे दात लहान वयातच पडतात. मेलेले न्यूट्रोफिल गिळल्यावर मॅक्रोफेज सूज वाढवणारं आयएल-२३ हे प्रथिन कमी करतात. गिळायलाच काही नसलं की आयएल-२३ आणि त्यामागून तसंच आयएल-१७ मोकाट वाढतं. २०१७ साली अशा एका रुग्णाला आयएल-१२ व आयएल-२३ अडवणारं उस्टेकिनुमॅब हे औषध दिल्यावर हिरड्यांची सूज उतरली होती.

‘गोळीने हिरड्या भरतात.’ गॅसडर्मिन अडवणारी औषधं पायरियासाठी अजून प्रयोगशाळेतच आहेत, आणि अँटिऑक्सिडंटची गोळी म्हणजे ते औषध नव्हे. रोज दोनदा २० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक पायरियात दिलं जातं खरं, पण इतक्या कमी मात्रेत ते जंतू मारत नाही. हिरडीला बळकटी देणारं कोलॅजन हे प्रथिन तोडणारी एन्झाइमं अडवतं, आणि तेही स्केलिंगच्या जोडीला. थर जागेवर असेपर्यंत पेशींना चिथावणी मिळतच राहते. १९६५ च्या प्रसिद्ध प्रयोगात १२ निरोगी लोकांनी दात घासणं बंद केलं. १० ते २१ दिवसांत हिरड्या सुजल्या, घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. अर्थात ही फक्त हिरडीची सूज होती. एकदा गेलेलं हाड घासून परत येत नाही.

‘स्केलिंगने दात हलतात.’ हाड आधीच गेलेलं असतं. साठलेल्या किटणाने शेजारचे दात एकमेकांना बांधून ठेवलेले असतात. ते निघालं आणि सूज ओसरली की फटी दिसतात, मुळं उघडी पडतात, काही आठवडे थंड झोंबतं. दोष येतो स्केलिंगवर.

डेंटिस्टला विचारायचा तो पॉकेटचा, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यातल्या फटीच्या खोलीचा आकडा. प्रोब नावाच्या बारीक मोजपट्टीने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. ४ किंवा जास्त आणि रक्त येत असेल तर हिरडीखालची मुळं साफ करून साधारण तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं. तरीही ६ किंवा जास्त राहिलं तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या खोल पॉकेटच्या तळाशी पोचत नाहीत, दातांवर डाग मात्र पाडतात. आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे ‘रक्त येत नाही म्हणजे पायरिया नाही’ हा अंदाज त्यांनी तरी धरू नये.