पाइपलाइन बिघडली तर घाबरू नका, दीर्घिका जाहीर करा

अवकाश दुर्बिणीच्या डेटात काही गडबड दिसली, तर लगेच कुणाला सांगत सुटू नका. चित्रात भलत्याच जागी ठिपका आहे ना? मग ती नवी दीर्घिका. दीर्घिका शोधणाऱ्याचा सत्कार होतो, बग शोधणाऱ्याला रविवारी कामाला बसवतात.

घरी काय बोलायचं तेही आधी ठरवा. मी इंदूरला, रामबागेत राहतो. फोनवर "पाइपलाइन बिघडलीये" एवढंच म्हणालो, तर आईनं नर्मदेची लाइन फुटली समजून पिंप, कळशा, पातेली, सगळं भरून ठेवलं. "अगं, ही जेम्स वेबची पाइपलाइन, १५ लाख किलोमीटरवरून आलेल्या कच्च्या आकड्यांतून चित्र काढणारा पायथॉनचा प्रोग्रॅम," हे सांगेपर्यंत मोरीत पाय ठेवायला जागा नव्हती.

आता मुख्य काम. वेबचा डिटेक्टर एकाच एक्स्पोजरमध्ये प्रत्येक पिक्सेल न पुसता पुन्हा पुन्हा वाचतो. आकडा चढत जातो आणि चढ किती उभा, त्यावरून उजेड ठरतो. मध्येच वैश्विक किरण आदळला की आकडा उडी मारतो. पाइपलाइन त्यावर खूण करते, ४. पिक्सेल काठोकाठ भरला तर २. वापरूच नये असा असेल तर १. दोन दुखणी एकदम असली तर बेरीज: १ आणि ४, म्हणजे ५.

तुम्ही मात्र बेरजेच्या भानगडीत पडू नका. सरळ लिहा, 'खूण १ असेल तर टाकून द्या.' मग ५ वाला ऐटीत आत येतो. एक आजार असलेला बाहेर, दोन असलेला धडधाकट! मी असंच लिहिलं होतं. बेरजेतली प्रत्येक खूण, म्हणजे बिट, वेगळी काढून तपासायची असते हे मला ठाऊक होतं; परीक्षेत मार्कही मिळाले होते.

तरी अडलंच, तर 'नॅन' पुसा. आकडा सांगता येत नाही तिथे हा नॅन बसतो आणि सरासरीत शिरला की सरासरीही नॅन. सगळीकडे शून्य भरा, आलेख हसू लागेल. आकाशाचा तो तुकडा आता अज्ञात राहिला नाही, नुसता काळोखा झाला. आमच्या काकांनी मुंजीत हीच पद्धत वापरली. ज्यांचं उत्तर आलं नाही, ते शून्य. पंगत बसली तेव्हा 'छप्पन दुकान' या खाऊगल्लीतून कचोऱ्या आणायला मलाच पळवलं.

कुणी फारच खोदून विचारलं, तर कॅलिब्रेशनकडे, म्हणजे उपकरणाची मापं जुळवण्याकडे, बोट दाखवा. २०२२ च्या उन्हाळ्यात वेबच्या निअरकॅम या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन खरोखरच सुधारावं लागलं होतं, त्यामुळे जाणकारही मान डोलावतात. तुमच्या त्या एका ओळीचं नाव कुणी काढत नाही.

आणि ओळ गुपचूप दुरुस्त केलीच, तर कमिटमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधल्या बदलाच्या नोंदीत, 'किरकोळ बदल' एवढंच लिहा. मीही तसंच लिहिलंय, आतापर्यंत सतरा वेळा. त्या सतरांतला नेमका कोणता, ते कालपासून शोधतोय.