‘बाईला जात नसते’ म्हणणाऱ्यांना

तीन जानेवारी आली की सावित्रीबाईंच्या फोटोसकट एक मजकूर पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागतो. आठ मार्चला तोच पुन्हा. सार असं: बाई ही बाई असते, तिला ना जात ना धर्म. तिच्या प्रश्नात जात-धर्म आणणं हे अमेरिकेतून आलेलं खूळ. कायदा सगळ्यांना सारखाच आहे. मुसलमान बायकांचं दुःख त्यांच्या धर्मामुळे. आणि असल्या चर्चांनी बायकांच्या एकजुटीत फूट पडते. हे पाठवणाऱ्यांत माझी जवळची, भली माणसं आहेत, म्हणून नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

आधी ‘बाई ही बाई’. सप्टेंबर २०१७ मध्ये याच शहरात एका घरमालकिणीने स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. गौरी-गणपतीच्या आणि श्राद्धाच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकाला ब्राह्मण सुवासीण हवी होती, या बाईंनी जात लपवली, सोवळं मोडलं, असा आरोप. गुन्हा नोंदवला गेला. बराच गदारोळ झाल्यावर तक्रार मागे घेतली गेली. त्यातली अट पुन्हा वाचा. ब्राह्मण हवी आणि सुवासीणही हवी, म्हणजे ब्राह्मण विधवेलाही त्या ओट्यापाशी जागा नाही. जात, धर्मविधी आणि नवऱ्यावरून ठरणारी बाईची पत यांतलं एक काढून ही घटना सांगून बघा, सांगताच येत नाही. स्वयंपाकाला ठेवणारी बाई, रांधणारीही बाई. पण एकीचं सोवळं मोडलं तर दुसरीला पोलीस चौकी. हे फार लांबचं वाटत असेल तर आपापल्या स्वयंपाकघरात जाऊन धुण्याभांड्याच्या मावशींचा कप कुठे ठेवलाय ते पाहावं. कित्येक घरांत तो अजूनही वेगळा असतो, मोरीजवळ उपडा घातलेला.

जात काही फक्त दलित बाईलाच चिकटलेली नसते. केशवपन आणि सक्तीचं वैधव्य ब्राह्मण बाईच्या वाट्याला आलं ते तिच्या जातीमुळेच. जोतीराव-सावित्रीबाईंना हे दिसत होतं. मांग-महार मुलींसाठी त्यांनी शाळा काढल्या आणि १८६३ मध्ये प्रामुख्याने ब्राह्मण विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह. ज्यांचा फोटो मजकुरावर लावला जातो, त्यांनी जात बघूनच बाईचं दुःख ओळखलं होतं.

‘अमेरिकेतलं खूळ’. बाईवरचे वेगवेगळे भेदभाव एकमेकांत गुंतलेले असतात, ते सुटे करून बघता येत नाहीत, हा विचार (‘इंटरसेक्शनॅलिटी’) किंबर्ले क्रेनशॉ या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कायदेतज्ज्ञ बाईंनी १९८९ मध्ये मांडला, हे खरं. त्यांनी उदाहरण घेतलं ते जनरल मोटर्समधल्या काळ्या बायकांच्या खटल्याचं. कंपनीत कारखान्याच्या कामाला काळे पुरुष होते, ऑफिसात गोऱ्या बायका होत्या, म्हणून कोर्टाला भेदभाव दिसेना. या दोन्हींत न बसणाऱ्या काळ्या बायकांची दादच लागली नाही. पण पुण्यात मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात काय लिहिलं? फुल्यांच्या शाळेत शिकलेली, जेमतेम चौदा वर्षांची पोर. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, असं ती विचारते. आणि त्याच निबंधात लिहिते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं. क्रेनशॉंच्या १३४ वर्षं आधी, मराठीत, आपल्या गावात.

कायद्याचं म्हणाल तर हिंजवडीतल्या प्रत्येक कंपनीत लैंगिक छळाविरुद्ध समितीचा जो बोर्ड दिसतो, त्यामागे राजस्थानातली कुंभार समाजातली भंवरीदेवी आहे. १९९२ मध्ये गुर्जरांच्या घरातला बालविवाह थांबवायला गेली म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये आरोपी सुटले. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला हात लावणार नाहीत, असाही तर्क तेव्हा कोर्टाने मांडला. तिच्या प्रकरणातून निघालेल्या याचिकेवर १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांतून २०१३ चा कायदा. कायदा सगळ्या बायकांना मिळाला, न्याय तिला मिळाला नाही. दुसरं असं, की बौद्ध वा शीख दलित बाईला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, ख्रिस्ती किंवा मुसलमान झालेल्या दलित बाईला १९५० च्या आदेशामुळे आजही मिळत नाही.

मुसलमान बायकांबद्दलच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. तोंडी तलाकने बायका देशोधडीला लागल्या. त्याविरुद्ध हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला आणि १९७० मध्ये पुण्यातच मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. घरातला लढा मुसलमानांनी स्वतः उभा केला. पण नवऱ्याला सोडून आलेली मुसलमान बाई कोथरूडमध्ये भाड्याने खोली बघायला जाते, तेव्हा एजंट आधी आडनाव विचारतो आणि मग ‘एकट्याच राहणार का?’ म्हणतो. पहिल्या प्रश्नावर घर जातं, त्यातून वाचलं तर दुसऱ्यावर. हे दार तिच्या धर्माने बंद केलेलं नाही, आपण केलंय.

राहता राहिली फूट. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य बायका आणि त्याही दलित जातींतल्या, हे तिने लपवलं नाही. पोटासाठी कचरा वेचणाऱ्या बाईला चोर समजून हटकलं जायचं. पंचायतीने त्यांना ओळखपत्रं मिळवून दिली. २००८ पासून त्यांच्यातल्याच बायका ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत, महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करतात. आपण कोणत्या जातीतल्या बायका आहोत हे उघड बोलूनच त्या एकत्र आल्या.